पाताळनौकेचे चार मेणकागद

मित्रांनो, संध्याकाळी तुम्ही जिना चढून या माळ्यावर जुनी मासिके वाचायला येता, तेव्हा खिडकीखाली चादरीने झाकलेले एक धूड तुम्हाला दिसते. तुमच्यापैकी कोणी त्यावर दप्तर टेकवतो, कोणी पाण्याचा तांब्या ठेवतो. ते धूड म्हणजे मी. मी एक जुने सायक्लोस्टाईल यंत्र आहे. दप्तर ठेवा, पण तांब्या ठेवू नका. गंज चढतो.

माझे काम साधे होते. एक पातळ कागद असतो, त्याला मेण लावलेले असते. त्यावर लोखंडी लेखणीने लिहिले की तेवढे मेण खरवडले जाते आणि अक्षराच्या जागी बारीक फट पडते. हा मेणकागद माझ्या पोटावर गुंडाळायचा, पोटात शाई भरायची आणि दांडा फिरवायचा. शाई त्या फटींतून बाहेर येते आणि खालच्या कोऱ्या कागदावर अक्षर उमटते. एक फेरा, एक कागद. आयुष्यभर मी एवढेच केले. तरी दमलो आहे. माझा रबरी रूळ आता दगडासारखा झाला आहे आणि दांडा फिरवला तर मी कण्हतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल मला फार काही आठवत नाही. लाकडी खोके, आत गवत, मग जहाज, मग आगगाडी. खोके उघडले तेव्हा मी ग्वाल्हेर संस्थानाच्या एका दप्तरात, म्हणजे कचेरीत, होतो. माझ्यासमोर एक मिशीवाला तरुण उभा होता. त्याचे नाव महिपतराव. त्याचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर तलवार घेऊन इकडे आले होते. त्याच्या हातात माझा दांडा आला.

महिपतरावांनी मला दहा वर्षे चालवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी ते सुती फडक्याने माझे पोट पुसत आणि सांध्यांत तेल सोडत. दप्तरात सगळे म्हणत, महिपतरावांच्या हातचा कागद स्वच्छ निघतो. ते समास बघत, शाई सारखी लागली का ते बघत. कागदावर काय लिहिले आहे ते मात्र कधी वाचत नसत. नवा कारकून एकदा म्हणाला, “महिपतराव, तुमच्याच बढतीचा हुकूम छापताय, बघितलात का?” ते म्हणाले, “वाचायला लागलो की हात थांबतो.” आणि दांडा फिरवत राहिले.

मग संस्थान विलीन झाले. एका आठवड्यात माझ्यावर ग्वाल्हेर संस्थानाच्या नावाचे कागद निघाले आणि पुढच्या आठवड्यात मध्य भारताच्या नावाचे. मला त्यात काही फरक जाणवला नाही. फरक जाणवला तो प्रवासाचा. नव्या राज्याला दोन राजधान्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा कपाटे, फायली, कारकुनांच्या वळकट्या आणि मी असे सगळे गाडीत भरले जाऊ लागलो. महिपतराव माझ्याबरोबर येत. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीतल्या या घरात एकट्या राहत.

तिसऱ्या प्रवासात माझे खोके फलाटावर आपटले. पुढचा एक पाय वाकला. तेव्हापासून माझ्यावरची ओळ डावीकडे उतरू लागली. दप्तरात नवे यंत्र आले. मला व्हरांड्यात मोडक्या खुर्च्यांजवळ ठेवले. तिथे मी एक वर्ष होतो. चिमण्यांनी माझ्या कागदाच्या तबकात घरटे केले. कोणी फडके घेऊन आले नाही. पुढे मोडीत काढायच्या सामानाची यादी झाली. त्यात माझे नाव लागले, तेव्हा महिपतराव साहेबांकडे गेले आणि मला मागून घेतले.

टांगा दारात थांबला, तेव्हा सुनंदाबाई वरून बघत होत्या.

“अहो, हे काय उचलून आणलंत? आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही.”

“दप्तराचं यंत्र आहे. भंगारात चाललं होतं.”

“म्हणून आपल्याकडे?”

“दहा वर्षं चालवलंय मी. बघवेना.”

मला वर आणून ठेवले. सुनंदाबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांनी दांडा धरून पाहिला.

“याच्यावर आपल्याला पाहिजे ते निघतं?”

“जे लिहाल ते निघतं.”

“किती?”

“शंभर. मेणकागद चांगला असला तर थोडे जास्त.”

सुनंदाबाई खाली बसल्या. “आणि हे तुम्ही मला आज सांगताय! माझी बोटं मोडली की हो लिहून लिहून.”

त्या काय लिहीत होत्या, ते आता सांगतो.

पुण्याहून एक मासिक येत असे. त्यात पाताळनौकेची गोष्ट क्रमशः छापली जात होती. कप्तान निळकंठ नावाचा एक माणूस जमिनीच्या पोटात जाणारी नौका बांधतो आणि खालच्या नद्यांतून प्रवास करतो, अशी ती गोष्ट. एकतीस भाग झाले. एकतिसाव्या भागात नौका जमिनीखालच्या एका तळ्यात अडकली. चारी बाजूंनी खडक आणि दिव्यात दोन तासांपुरते तेल. आणि मासिक बंद पडले.

सुनंदाबाईंनी संपादकांना पत्र टाकले. उत्तर आले की गोष्ट लिहिणारे गृहस्थ आजारी आहेत आणि कागद मिळत नाही. मग त्यांनी काय केले? मासिकात वाचकांची पत्रे छापत, नाव-गावासकट. त्यांनी मागचे सगळे अंक काढले आणि पाताळनौकेबद्दल ज्यांनी ज्यांनी पत्र लिहिले होते, त्यांना एकेक कार्ड टाकले. ‘नौका तळ्यात अडकली आहे. आपण काही तरी केले पाहिजे.’ एवढाच मजकूर. इंदूरहून, झाशीहून, उज्जैनहून, बडोद्याहून उत्तरे आली. लोकांनी पुढचे भाग स्वतःच लिहून पाठवले. सुनंदाबाई ते एकत्र करून, खाली कार्बन घालून, हाताने सहा-सहा प्रती काढत आणि गावोगाव धाडत. त्या पत्रकाचे नाव ‘नौकेची खबर’.

मी आल्यावर ‘खबर’ शंभर प्रतींची झाली. मजकूर कोणाचाही असो, मेणकागदावर लिहायच्या सुनंदाबाईच. त्यांचा हात हलका होता, पण डगमगत नसे. माझ्यावर ओळ उतरते हे त्यांना दोन अंकांत कळले. त्या मेणकागदावर ओळ किंचित चढती लिहू लागल्या. छापून निघाली की सरळ दिसे. मला कोणी दुरुस्त केले नाही, सुनंदाबाईंनी मला सांभाळून घेतले.

छापायचे काम महिपतरावांचे. रविवारी सकाळी ते बाह्या वर करून दांडा फिरवत आणि सुनंदाबाई कागद मोजत. त्यांनी इथेही कधी वाचले नाही. सुनंदाबाई म्हणत, “वाचा तरी एकदा. निळकंठाने काय केलं बघा.” ते म्हणत, “तुमचं चालू दे. समास ठीक आहे ना?”

वर्षातून एकदा, कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी, या माळ्यावर ‘खबर’च्या वाचकांचा मेळा भरे. खाली धान्याचे दुकान, वर सत्तर माणसे. बाहेरगावचे लोक वळकटी घेऊन येत. नौकेतल्या माणसांसारखे कपडे करून यायचे, असा रिवाज पडला होता. बिर्ला नगरच्या कापड गिरणीत काम करणारे जयसिंहराव नौकेचे यंत्रपाल होत. कमरेला पाने-पक्कड बांधून येत, तीही खरी. उषाताई मुलींच्या शाळेत शिकवत. त्या नकाशे काढणाऱ्या रेवतीचा वेश करत, खांद्यावर नकाशाची गुंडाळी घेऊन. आणि कप्तान निळकंठ होत दिनकरराव. हे दप्तरातले निवृत्त मोडी कारकून. संस्थानाच्या बँडमधली एक जुनी टोपी त्यांनी मिळवली होती. ती डोक्यावर चढली की ते वाकून चालणे विसरत.

गल्लीतले लोक हसत. “नाटकाचे कपडे घालतात आणि नाटक करत नाहीत,” असे म्हणत. त्यांचे बरोबर होते. हे लोक नाटक करत नसत, भांडत.

“सहा खिडक्या. चौदाव्या भागात स्वच्छ लिहिलंय,” दिनकरराव म्हणत.

“आणि बाविसाव्या भागात सातव्या खिडकीतून मासा दिसतो, त्याचं काय?” उषाताई.

“ती खिडकी नाही, ते भोक आहे.”

“दिनकरराव, भोकाला काच असते का?”

“अरे भई, सातवीं खिड़की नंतर बसवली ना!” जयसिंहराव मध्ये पडत. “सत्रहवें भाग में मरम्मत झाली की नाही? मी गिरणीत रोज मरम्मत करतो, मला विचारा.”

“तुम्ही गिरणीत काच बसवता का?”

“काच नसेल, पर दिमाग तो है.”

सुनंदाबाई या भांडणात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. मी कोपऱ्यातून सगळे ऐके. एवढ्या मोठ्या माणसांना एका न संपलेल्या गोष्टीत काय मिळते, हे मला बरेच दिवस कळले नाही. मग एका मेळ्यात उषाताई सुनंदाबाईंना म्हणाल्या, “शाळेत मी कडक बाई आहे. घरी मी सून आहे. नौकेचा नांगर कशाचा असेल, असं मला वर्षभरात कोणी विचारत नाही. इथं विचारतात आणि उत्तर देईपर्यंत थांबतात.” ते मी लक्षात ठेवले.

महिपतराव मेळ्याला बसत नसत. चहाची किटली आणून ठेवत आणि बाड्यावर, गावातल्या बाजारचौकात, फिरायला जात. लोक गेले की परत येत.

असा सहा वर्षे क्रम चालला. दरवर्षी कोणी तरी पुढचा भाग लिही, पण नौका तळ्यातच राही. दिव्यातले तेल कोणी ना कोणी वाढवे. नौका बाहेर आली तर मेळा कशासाठी भरवायचा, ही भीती सगळ्यांना होती.

मग १९५६ साल आले. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असे ठरले. उषाताईंच्या यजमानांची बदली भोपाळला. दिनकरराव मुलाकडे जबलपूरला जाणार. इंदूरच्या चौघांची चार दिशांना पांगापांग. सगळ्यांनी पत्रांतून ठरवले की यंदाचा मेळा शेवटचा, यंदा नौका वर काढायची. आणि तो शेवटचा भाग सुनंदाबाईंनी लिहायचा.

सुनंदाबाईंनी तो कच्चा लिहिला नाही. मेणकागद समोर घेऊन एकदम त्यावरच लिहिला. चार मेणकागद. कोणाला दाखवला नाही. श्रावण संपता संपता चौथा कागद पुरा झाला आणि त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. मुदतीचा ताप. वैद्य झाले, डॉक्टर झाले. एकविसाव्या दिवशी त्या गेल्या.

मित्रांनो, याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही. घरात एक माणूस असते आणि मग नसते. महिपतराव दप्तरात जात आणि परत येत. माझ्याकडे बघत नसत. माझ्या पोटातली शाई वाळली.

चार मेणकागद त्यांनी टीपकागदांच्या मध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. कधी कधी ते एक कागद काढत आणि खिडकीच्या उजेडासमोर धरत. वाचत नसत. नुसते बघत.

कोजागिरीच्या आधी दिनकरराव, उषाताई आणि जयसिंहराव आले.

“माळा पाहिजे तर घ्या,” महिपतराव म्हणाले. “मेळा भरवा. तिला आवडलं असतं.”

“माळ्याचं नाही हो,” उषाताई म्हणाल्या. “शेवटचा भाग...”

“तो नाही छापायचा.”

“महिपतराव, सत्तर लोक येणार. आणि चाळीस जण येऊ शकत नाहीत, त्यांना डाकेने...” जयसिंहराव म्हणाले.

“एकदा शाई लागली की तिचं अक्षर काळं होतं. धुतलं तरी जात नाही. शंभर कागद निघाले की मेण सुटतं, गोल अक्षरांची पोटं गळून पडतात. मग काय राहतं? आता उजेडाला धरलं की तिचा हात दिसतो मला.” त्यांनी पेटीवर हात ठेवला. “तुम्हाला गोष्ट पाहिजे. मला ते कागद पाहिजेत.”

त्यांचे म्हणणे खरे होते आणि पुरे खरे नव्हते. मेणकागद ग्वाल्हेरचा उन्हाळा काढत नाही. वैशाखात मेण वितळते, कागद एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेले की तुकडे पडतात. दहा वर्षे हे काम केलेल्या माणसाला हे माहीत होते. मलाही माहीत होते. पण मला बोलता येत नव्हते आणि ते बोलत नव्हते.

दिनकररावांनी तोड काढली. “मी नवीन मेणकागदांवर उतरवून देतो. त्यांच्या कागदांना शाईचा थेंब लागणार नाही. माझं अक्षर तुम्ही जाणताच.”

दिनकररावांचे अक्षर सगळे दप्तर जाणत होते. महिपतरावांनी पेटी उघडली.

तीन दिवस दिनकरराव या खिडकीत बसून होते. सुनंदाबाईंचा कागद काचेला लावायचा, वाचायचा आणि समोरच्या नव्या मेणकागदावर उतरवायचा. शेवटच्या कागदावर आल्यावर ते एकदम मोठ्याने हसले. महिपतरावांनी मान वर केली. काय आहे, असे त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. पण त्यांनी विचारले नाही. दिनकररावांनीही सांगितले नाही, कारण शेवट आधी कोणाला सांगायचा नाही असे ठरले होते.

मेळ्याच्या रविवारी सकाळी महिपतरावांनी मला पुसले. दोन महिन्यांनी. वाळलेली शाई घासून काढली, तेल सोडले, नवी शाई भरली. दिनकररावांचा पहिला मेणकागद माझ्या पोटावर चढवला. अक्षर मोत्यासारखे होते. दांडा फिरला. पहिल्याच फेऱ्यात मला जाणवले की काही तरी सुटते आहे. दुसऱ्या फेऱ्यात मेणकागदाच्या चिंध्या झाल्या आणि खालचा कागद काळाकुट्ट निघाला.

महिपतरावांनी चिंध्या सोडवून बघितल्या. “दिनकरराव, तुम्ही रेघ कशी ओढली?”

“कशी म्हणजे? आधी रेघ, मग अक्षर.”

मोडी लिहिणारे लोक असेच लिहीत. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एक अखंड रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगायची. चाळीस वर्षे दिनकररावांनी दुसऱ्या प्रकारे लिहिले नव्हते. पण मेणकागदावर लोखंडी लेखणीने अखंड रेघ ओढली की ती रेघ राहत नाही, ती चीर होते. पानावर बावीस ओळी, म्हणजे बावीस चिरा. सुनंदाबाई प्रत्येक अक्षरावर वेगळी, तुटक रेघ देत. हे फक्त त्यांना ठाऊक होते आणि महिपतरावांना. तीन दिवस महिपतराव दिनकररावांच्या मागे उभे होते, पण बघत होते ते सुनंदाबाईंच्या कागदांकडे.

“एकेका अक्षराला वेगळी रेघ?” दिनकरराव म्हणाले. “असं कोणी लिहितं का?” आणि मग हातातली टोपी त्यांनी जमिनीवर ठेवली. “माझ्या हातून घाण झाली, महिपतराव.”

जयसिंहराव नवे मेणकागद आणायला जिना उतरून बाड्याकडे धावले. अर्ध्या तासाने परत आले. “सब बंद आहे. इतवार. दुकानवाल्याच्या घरी गेलो, तो मुरारला सोयरिकीला गेलाय.”

खाली टांगे थांबायला लागले होते. जिन्यावर हसणे ऐकू येत होते.

“दिनकरराव काचेला लावून वाचून दाखवतील,” जयसिंहराव म्हणाले. “चलेगा.”

उषाताईंनी मान हलवली. “चालेल. इथं बसलेल्यांना चालेल. पण जे येऊ शकले नाहीत, ते चाळीस जण तिथेच तळ्यात राहतील. सुनंदाताईंनी पहिलं कार्ड त्यांनाच टाकलं होतं.”

महिपतराव खिडकीपाशी गेले. चारही मेणकागद त्यांनी एकेक करून उजेडाला धरले. मग माझ्याकडे आले आणि पहिला कागद माझ्या पोटावर चढवला. एवढ्या हलक्या हाताने मला कोणी कधी हाताळले नव्हते.

“कागद मोजायला कोणी तरी बसा,” ते म्हणाले. “ती मोजायची.”

उषाताई बसल्या.

दांडा फिरला. सुनंदाबाईंच्या लेखणीचा दाब मला माझ्या पोटावर जाणवत होता. ओळीच्या सुरुवातीला थोडा जास्त, शेवटी कमी. पहिला कागद सरळ निघाला. साठ झाले. ऐंशी झाले. ऐंशीनंतर ‘ठ’ आणि ‘ध’ यांची पोटे गळायला लागली. महिपतरावांना ते दिसत होते. त्यांनी वेग कमी केला, थांबवला नाही. चौथ्या मेणकागदाचा कोपरा एकशेबाराव्या फेऱ्याला फाटला. “पुरे झाले,” उषाताई म्हणाल्या. महिपतरावांनी चारही काळे कागद जुन्या वर्तमानपत्रावर पसरले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

तोपर्यंत माळा भरला होता. नेहमी महिपतराव या वेळी बाड्यावर निघून जात. त्या दिवशी हात एवढे माखले होते की बाहेर जाता येईना. ते फडके घेऊन माझ्या शेजारीच उभे राहिले आणि हात पुसत राहिले. उषाताईंनी वाचायला सुरुवात केली.

नौका खडकातल्या एका अरुंद वाटेने वर चढते. दिवा विझतो. अंधारात सगळे एकमेकांची नावे घेत राहतात. मग वर उजेड दिसतो, पाणी हिरवे होते आणि नौका बाहेर येते. कुठे? सागर ताल नावाच्या तळ्यात, इथे ग्वाल्हेरला. सकाळची वेळ. पायरीवर एक बाई धुणे धूत असते. नौका बघून ती दचकत नाही, ओरडत नाही. ती म्हणते, ‘बाजूला घ्या ते. सगळा गाळ वर आणलात.’ कप्तान निळकंठ छाती काढून म्हणतो, ‘बाई, आम्ही पृथ्वीच्या पोटातून आलो आहोत.’ बाई म्हणते, ‘मग पाय धुऊन वर या.’

माळा हशाने दणाणून गेला. झाशीचे एक गृहस्थ हसता हसता मागे कलंडले. आणि त्या हसण्यात एक हसणे मी पूर्वी ऐकले नव्हते. महिपतराव हसत होते. तोंडावर हात नेला, त्याची शाई मिशीला लागली, तरी हसत होते.

“हे ती मला म्हणायची,” ते म्हणाले. “इंदूरहून आलो की. तीन महिन्यांनी दारात उभा राहायचो, सामान घेऊन. तर म्हणायची, मग पाय धुऊन वर या.”

महिपतरावांनी फडके माझ्या दांड्यावर टाकले.

“तो कप्तान,” त्यांनी विचारले, “खाली गेला कशाला होता?”

जयसिंहराव हळूच म्हणाले, “महिपतराव, आपने पढ़ा नहीं? इतकी वर्षं तुम्हीच तर छापलंत.”

“नाही वाचलं.”

“एक पण नाही?”

“नाही. ती म्हणायची, वाचा. मी म्हणायचो, समास ठीक आहे ना.”

दिनकररावांनी सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली. “बसा इथं. पहिल्या भागापासून सांगतो.”

“पहिल्या भागापासून नाही,” उषाताई म्हणाल्या, “त्याच्या आधी प्रस्तावना होती. विहिरीची.”

“विहीर मग येते हो!”

“आधी. सुनंदाताई नेहमी विहिरीपासून सांगायच्या.”

“विहिरीपासून सांगा,” महिपतराव म्हणाले आणि शाईच्या हातांनी सतरंजीवर बसले.

सांगून पुरे व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बाहेरगावच्या लोकांनी गाड्या चुकवल्या. महिपतरावांनी खिडक्या किती ते विचारले आणि मोठे भांडण झाले.

दहा दिवसांनी नवे राज्य झाले आणि सगळे पांगले. पुन्हा मेळा भरला नाही. मी त्यानंतर फार छापले नाही. सुनंदाबाईंचे मेणकागद पुढच्या वैशाखात चिकटून गेले. महिपतरावांनी ते तसेच ठेवले आहेत. जाताना लोकांनी आपापली मासिके या माळ्यावर ठेवली. तीच तुम्ही वाचता.

मित्रांनो, आता मी थकलो आहे आणि सांगायचे थोडेच उरले आहे. सुनंदाबाईंच्या हाताचा दाब मी ओळखत होतो. त्या काय सांगत आहेत ते मला कळले नाही. पण मी लोखंडाचा आहे, मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते. तुमच्या घरात कोणी तरी असेल. कोणी तिकिटे जमवत असेल, कोणी रेडिओ खोलून बसत असेल, कोणी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून स्वतःशी हसत असेल. तुम्हाला ते वेड वाटेल. तरी जवळ जा आणि विचारा, काय आहे ते. विचारून लगेच उठू नका. त्यांना सगळे सांगायचे असते, अगदी पहिल्यापासून, आणि त्याला वेळ लागतो.